लिंबू माझ्याकडेच राहिलं

प्रिय हमीदचाचा,

काल चाचींची इद्दत संपली. तुम्ही गेल्यापासून चार महिने दहा दिवस त्या घराचा उंबरा ओलांडून बाहेर पडल्या नव्हत्या. मी सकाळच्या एस.टी.नं जुन्नरला पोचले, तर त्या डोक्यावरून पदर घेऊन, हातात पिशवी धरून तयार बसलेल्या. बाजाराला जाऊ म्हणाल्या. पण निघायच्या आधी त्यांनी लोखंडी कपाटातून एक शाळकरी वही काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "हे बघ जरा. यातलं एक मला शेवटपोतर लागलं न्हाई."

ती वही वाचल्यापासून मला चैन नाही. म्हणून हे पत्र. खरं तर स्पॅनिशमध्ये लिहायला हवं होतं. आपला करारच तसा होता ना? पण हे मला चाचींना वाचून दाखवायचं आहे, म्हणून मराठीत लिहिते. यावरून तुम्ही आता भांडायला येणार नाही. आलात तर किती बरं होईल!

आपली पहिली भेट आठवते? आंबेगाव तालुक्यात, मंचरच्या अलीकडे, गुलाबाच्या पॉलिहाउसच्या ऑफिसात. मी येडगावची, बारावी झालेली, विशीतली. तिथे फुलांच्या पॅकिंगला लागले होते. कंपनीनं गुलाबातला जाणकार म्हणून इक्वेडोरहून राफाएल नावाचा माणूस आणला होता. त्याला स्पॅनिशखेरीज काही येत नव्हतं, आणि स्पॅनिश नावाची भाषा असते हे आमच्यापैकी निम्म्यांना ठाऊक नव्हतं. तो छाटा म्हणायचा ते आम्ही बांधायचो, बांधा म्हणायचा ते छाटायचो. शेवटी मॅनेजर वैतागले, आणि कोणीतरी सांगितलं की जुन्नरला एक जुना खलाशी आहे, त्याला म्हणे ती भाषा येते.

तुम्ही आलात. केसांना मेंदी, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि आल्या आल्या मॅनेजरला झापलंत. "खलाशी न्हाई, भंडारी म्हणायचं. जहाजाचा स्वैपाकी. वीस वर्षं माणसं जेवू घातलीत." मग राफाएलकडे वळून काहीतरी म्हणालात आणि तो इतका मोठा माणूस एकदम रडायलाच लागला. नंतर मी विचारलं की असं काय बोललात. तुम्ही म्हणालात, "काय न्हाई. जेवलास का, इतकंच इचारलं."

रोज जुन्नरहून यायचं तुमच्या गुडघ्यांना जमणार नव्हतं. म्हणून तुम्ही मॅनेजरना म्हणालात, यातली चौघं रविवारी माझ्याकडं धाडा, मी बोलती करतो. चौघं आलो. तिघं दोन महिन्यांत गळाले. मी चिकटून राहिले.

पहिल्या दिवशी मी नवी कोरी वही घेऊन आले होते. कव्हरवर नाव घातलेलं, पहिल्या पानावर तांबड्या शाईनं 'श्री' काढलेला. तुम्ही ती माझ्या हातातून घेतलीत आणि सरळ चाचींच्या फडताळात टाकलीत. "ही हितं ऱ्हाऊ दे. तू पिशवी घे." मला वाटलं, म्हाताऱ्याला घरची भाजी आणून हवी आहे, शिकवण्याचं नुसतं निमित्त. मनातल्या मनात मी तुम्हाला काय काय म्हटलं होतं ते आता लिहीत नाही.

रविवारचा बाजार हाच तुमचा वर्ग. मशिदीच्या कोपऱ्यापासून मढच्या ठकूबाईच्या टोपलीपर्यंत जायचं आणि परत यायचं, तोवर मराठीचा एक शब्द तोंडातून निघाला की पुन्हा कोपऱ्यापासून सुरुवात! ही कोथिंबीर शिळी आहे. मला ताजी द्या. काकडी कडू निघाली तर परत आणीन. हे सगळं मी ठकूबाईला स्पॅनिशमध्ये सांगायचं. त्या बिचारीला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती माझ्याकडे बघायचीच नाही, माझ्यामागे उभ्या असलेल्या तुमच्याकडे बघायची. तुम्ही मान हलवलीत की ती भाजी द्यायची, नाही हलवलीत की हात मागे घ्यायची. पुढं पुढं तिलाच 'फ्रेस्को' म्हणजे ताजं हे पाठ झालं आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला ऐकवायला लागली. "घ्या पावणं, लई फ्रेस्को हाय!" लोक हसायचे. तुम्ही मात्र अगदी गंभीर चेहऱ्यानं मला म्हणायचात, "बघ, तुझ्याआधी ती शिकली."

मी एकदा विचारलं, असं कुठं शिकवतात का? तुमचं उत्तर अजून कानात आहे. "मला कोन शिकवणार व्हतं? जहाज बंदराला लागलं की भंडाऱ्यानं उतरायचं आन भाजी आनायची. न बोलता कोन देतंय? मी हितनं शिकलो, म्हणून हितनंच शिकवतो."

परतीच्या वाटेवर चहाच्या टपरीवर बसायचो. ठकूबाईकडून घेतलेलं एक लिंबू तुम्ही पिशवीतून काढायचात. तुम्ही काहीतरी विचारायचं, लिंबू माझ्याकडे टाकायचं आणि म्हणायचं, "ते तोका." म्हणजे आता तुझी पाळी. लिंबू ज्याच्या हातात, त्यानं बोललंच पाहिजे. चुकीचं बोल, अर्धं बोल, हातवारे कर, पण गप्प बसायचं नाही. माझं बोलून झालं की मी लिंबू तुमच्याकडे टाकायचं, "ते तोका" म्हणायचं. टपरीवाला आपल्या दोघांनाही वेड्यात काढायचा.

चाचा, आता ते लिहिते जे आपण पुन्हा कधी बोललो नाही.

फेब्रुवारीतल्या गुलाबांची तोडणी चालू होती. दुपारी ऑफिसातला फोन वाजला. मॅनेजर पुण्याला गेलेले, राफाएल लांबच्या शेडमध्ये. मी उचलला. पलीकडे एक बाई रडत होती. राफाएलची बहीण. तिनं जे सांगितलं ते मला लख्ख कळलं, कारण त्यातला 'मुरिओ' हा शब्द तुम्हीच मला बाजारात, सुकटीच्या पाटीसमोर उभं करून शिकवला होता. मासा कधी मेला यावरून तुम्ही काय थट्टा केली होती! राफाएलची आई वारली होती.

राफाएल चार वाजता आला. मी काय केलं? आपल्याकडे करतात तेच केलं. आपल्याकडे कोणी गेलं तर 'गेलं' म्हणून कोणी सांगत नाही. आधी त्या माणसाला जेवू घालतात, कारण पुढं घास उतरायचा नाही. मग म्हणतात, तब्येत जरा जास्त आहे, निघून या. ऐकणारा काय ते समजतो, वाटेत रडून घेतो, घरी पोचेपर्यंत सावरतो. माझ्या आजोबांच्या वेळी वडलांना असंच सांगितलं होतं. मी राफाएलला माझ्या डब्यातली भाकरी-पिठलं वाढलं. त्यानं खाल्लं. मग मी अगदी हळू आवाजात, एकही चूक न करता सांगितलं की तुमच्या आईला जरा बरं नाही, घरी जा.

तो हसला, चाचा. म्हणाला, आईचा खोकला दरवर्षीचाच. हा माल गेला की जाईन.

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. समजेल, आता समजेल, म्हणून वाट बघत राहिले. दोन दिवस वाट बघितली. तोवर त्यानं नारायणगावातून आईसाठी शाल घेतली, आणि रविवारी ती तुम्हाला दाखवायला जुन्नरच्या बाजारात आला. तो ठकूबाईच्या टोपलीशी शाल पसरून उभा होता, तेव्हा मी तुम्हाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तुमचा चेहरा उतरला. तुम्ही एवढंच विचारलंत, "मंग त्याला म्हाईत न्हाई अजून?"

तुम्ही गेलात, त्याच्या खांद्यावर हात ठेवलात आणि दोन शब्दांत सांगितलंत. त्यानं शाल घडी घातली. बराच वेळ घडी घालत होता. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तू मला जेवू घातलंस तेव्हा तुला माहीत होतं?"

मला उत्तर येत होतं. व्याकरणासकट येत होतं. मी गप्प बसले.

घरी जाताना मला वाटलं, तुम्ही आता मला फाडून खाणार. तुम्ही म्हणालात, "चूक तुझी न्हाई, माझी हाय. मी तुला भाजी घ्यायला शिकवलं. समोरचा काय समजंल ते बघून बोलायचं, हे शिकवायचं ऱ्हाऊन गेलं. तोंडातून निघालं ते बोलणं न्हाई पोरी, त्याच्यापोतर पोचलं ते बोलणं." मला ओरडला असतात तर बरं झालं असतं. सगळा दोष स्वतःकडे घेऊन तुम्ही मला मोकळी सोडलीत, आणि मी खरंच मोकळी झाले. हा तुमचा दोष आहे, चाचा. रागावू नका, पण आहे.

राफाएल परत आला नाही. पुढं ते पॉलिहाउसही बंद पडलं. मला वाटलं, संपलं आपलं स्पॅनिश. पण तुम्ही एस.टी.नं येडगावला आलात, आमच्या पडवीत बसलात. वडील म्हणाले, "परमुलखातली भाषा शिकून पोरीचं काय व्हायाचं?" तुम्ही म्हणालात, "माझं काय वाईट झालं?" वडील म्हणाले, "तुमी बापय मानूस." "म्हणूनच सांगतोय. मी तरी जहाजावर चढलो. हिला दुसरं जहाज कोन देणार?" दोन कप चहा आणि दीड तास लागला. जूनमध्ये मी पुण्याला शिकायला गेले.

मग आपला फोनचा करार झाला. रविवारी सकाळी दहा वाजता, दहा मिनिटं, फक्त स्पॅनिश. एका रविवारी तुम्ही जुन्नरच्या बूथवरून करायचा, पुढच्या रविवारी मी. ठेवताना तुम्ही न चुकता म्हणायचात, "ते तोका." आता पुढचा फोन तुझा. हॉस्टेलच्या जिन्यात उभी राहून मी हसायचे आणि लिंबू झेलल्यासारखा हात करायचे.

हे किती वर्षं नीट चाललं? तीन? चार? मग माझ्या परीक्षा आल्या, मग नोकरी. मी एका संस्थेत स्पॅनिश शिकवायला लागले. पुस्तकातून, तक्त्यांतून, चाचण्या घेऊन. माझी मुलं कागदावर पैकीच्या पैकी मिळवायची आणि समोर स्पॅनिश माणूस आला की भिंतीला पाठ लावायची. मला ते दिसत नव्हतं असं नाही.

तुम्ही एकदा माझा वर्ग बघायला आलात. तोच पांढरा शर्ट, हातात ठकूबाईकडच्या काकड्यांची पिशवी. मी मुलांना सांगितलं, हे आमच्या गावाकडचे ओळखीचे. ओळखीचे! तुम्ही मुलांशी बोलायला लागलात आणि पाच मिनिटांत तो वर्ग मी कधी पाहिला नव्हता इतका हसायला लागला. मग एक मुलगी म्हणाली, मॅडम, हे वेगळंच बोलतात, पुस्तकात असं नाही. आणि मी तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत, तुमचं वाक्य सुधारलं. तुम्ही मान हलवलीत, ठकूबाईकडे बघून हलवायचात तशीच. "बरोबर हाय मॅडमचं. आपली धक्क्यावरची भाषा." काकड्या टेबलावर ठेवून गेलात.

त्यानंतरही फोन केलात. पहिल्यासारखंच बोललात, ठेवताना "ते तोका" म्हणालात. तो तुमचा शेवटचा फोन. पुढचा माझा होता.

मी केला नाही. आधी लाज वाटली म्हणून, मग खूप दिवस झाले म्हणून, मग आता काय तोंडानं करू म्हणून. आणि तुम्ही! तुम्ही का नाही केलात? नियम मोडून एकदा तरी करायचा होतात. लिंबू दुसऱ्याच्या हातात असलं की तुम्ही कधीच बोलायचा नाहीत. इतकं कशाला नेमानं वागावं माणसानं?

मग गेल्या वर्षी चाचींचा फोन आला. "जरा बरं न्हाई त्यांना. तुझी आठवण काढत्यात. सवड झाली की येऊन जा." मी म्हटलं, या शनिवार-रविवारी कार्यशाळा आहे चाची, पुढच्या रविवारी नक्की येते. त्या म्हणाल्या, "हां हां, काम आधी."

जरा बरं नाही! जुन्नरहून कोणी पुण्याला 'जरा'साठी फोन करतं का? हे शब्द मीच एका माणसाला ऐकवले होते, आणि त्याला ते कळले नाहीत म्हणून दोन दिवस त्याच्यावर मनातून चिडले होते. तो परदेशी होता, त्याला सुटका होती. मला कोणती? खरं सांगू? मला अर्धं समजलं होतं. उरलेलं अर्धं मी समजून घेतलं नाही, कारण समजलं असतं तर निघावं लागलं असतं, आणि तुमच्यासमोर बसून बोलावं लागलं असतं.

कार्यशाळा कशाची होती ते ऐका. परदेशातून एक बाई आल्या होत्या. भाषा शिकवण्याची नवी पद्धत, म्हणे. पुस्तक मिटा, माणसाला खऱ्या प्रसंगात बोलू द्या. त्यांनी थंडगार हॉलमध्ये खोटा बाजार मांडला होता. प्लॅस्टिकचे टोमॅटो, प्लॅस्टिकची वांगी. कोणाला काही सुचेना. मी उठले, पिशवी घेतली आणि पलीकडच्या प्राध्यापकांना कोथिंबिरीवरून असं झोडपलं की टाळ्या पडल्या. बाईंनी प्लॅस्टिकचं लिंबू माझ्याकडे टाकलं. मी झेललं आणि त्या क्षणी उत्तर दिलं. बाईंनी विचारलं, हे तुम्ही कुठं शिकलात? मी म्हटलं, अनुभवातून.

तुमचं नाव घेतलं नाही, चाचा. घ्यायला काय झालं होतं मला?

गुरुवारी शेजारच्यांचा फोन आला. "चाचांची तब्येत जास्त हाय. निघून या." या खेपेला मला लगेच समजलं. मी वाटेत, राजगुरुनगर सोडल्यावर, एस.टी.त रडून घेतलं. पोचले तोवर तुम्हाला नेलं होतं.

त्यानंतर मी चाचींकडे चार-पाचदा आले, पण त्या मोजकंच बोलायच्या आणि मी विचारायचे नाही. तुमच्या मेंदूत काहीतरी झालं होतं आणि वाचा गेली होती, एवढंच मी धरून चालले होते. वही काल उघडली तेव्हा कळलं. वाचा गेली नव्हती. मराठी गेली होती, घरात तुम्ही दोघं बोलायचात ती हिंदी गेली होती. स्पॅनिश तेवढी राहिली होती. डॉक्टर म्हणाले म्हणे, असं क्वचित होतं. अकरा दिवस तुम्ही बोलत होतात, आणि अख्ख्या तालुक्यात ते कळणारं माणूस नव्हतं. तीन तासांवर एक होतं. ते प्लॅस्टिकची वांगी निवडत होतं.

वही कोणती, ओळखलीत का? माझीच. कव्हरवर माझं नाव, पहिल्या पानावर तांबडा 'श्री'. फडताळात पडून होती, कोरी होती, म्हणून चाचींनी घेतली. चौथीपर्यंतच्या मराठी शाळेच्या जोरावर त्यांनी तुमचे शब्द कानानं टिपले.

'आग्वा — पाणी. लगेच.'

'बेंताना — खिडकी उघडायची. सकाळी.'

'फ्रिओ — गोधडी. दोन.'

'दुएले — पाठ चोळायची, डाव्या अंगाला.'

'ग्रासियास — हे सगळं झाल्यावर म्हणतात. काही आणायचं नाही.'

अशी साडेतीन पानं. एकही अर्थ चुकलेला नाही, चाचा. मी शोधला. मला कुठंतरी चूक हवी होती, म्हणजे मी नसल्यानं काही अडलं असं तरी म्हणता आलं असतं. चाचींनी पाणी नेलं, नाही म्हणालात. गोधडी नेली, शांत झालात. त्यांनी लिहून घेतलं. बंदरात भाजी घेताना तुम्ही शिकलात, तशाच त्या तुमच्या उशाशी बसून शिकल्या. मी विचारलं, चाची, इतकं येत होतं तर आमच्याबरोबर कधी का नाही शिकलात? त्या म्हणाल्या, "मला कोनी पिशवी घेऊन चल म्हटलंच न्हाई." याचं काय उत्तर आहे तुमच्याकडे? जहाजावरच्यांना जेवू घातलंत, येडगावच्या पोरीला बोलती केलीत, आणि घरातल्या माणसाला?

शेवटच्या पानावर एकच नोंद आहे. 'ते तोका — रोज संध्याकाळी. दाराकडे बघून. पाणी नाही, गोधडी नाही, खिडकी नाही. कळलं नाही.'

चाचींनी त्यावर बोट ठेवून विचारलं, "हे काय गं?"

मी काहीतरी सांगू शकले असते. दुआ मागत होते, म्हणू शकले असते. आपल्याकडे असंच सांगतात. पण मला ती शाल आठवली. मी सरळ सांगितलं. "चाची, याचा अर्थ, आता तुझी पाळी, बोल. ते तुम्हाला नव्हते म्हणत. मला म्हणत होते. फोन माझ्याकडून यायचा होता. तुम्ही बोलावलंत तेव्हा मी यायला हवं होतं, आणि मला ते कळलंही होतं."

त्यांनी ती ओळ बोटानं पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाल्या, "म्हंजे ते वाट बघत व्हते."

"हो."

"त्याच्या आधी काहीतरी लांबलचक इचारायचे. मला ते धरता आलं न्हाई. छोटं छोटं तेवढं धरलं. मंग हे म्हणायचे आन गप पडून ऱ्हायचे." त्यांनी पेन घेतलं आणि 'कळलं नाही' खोडून तिथे लिहिलं, 'आता तू बोल.'

लांबलचक काय विचारत होतात, चाचा? "ते तोका" आधी प्रश्न असतो, नुसतं लिंबू तुम्ही कधीच टाकलं नाहीत. मी कशी आहे, विचारत होतात? त्या दिवशी वर्गात मला असं का म्हटलंस, विचारत होतात? की जेवलीस का, एवढंच? प्रश्न वहीत नाही. तो आता कोणालाच ठाऊक नाही.

मग आम्ही बाजारात गेलो. ठकूबाई आता पार वाकली आहे. चाचींना बघून तिनं डोळे पुसले. चाचींनी कोथिंबिरीची जुडी उचलली, वास घेतला आणि तुमच्यासारखंच नाक वर करून म्हणाल्या, "फ्रेस्को?" ठकूबाईनं सवयीनं चाचींच्या मागे बघितलं. मान हलवायला तिथं कोणी नव्हतं. मग मी जाऊन उभी राहिले आणि मान हलवली, तेव्हा तिनं जुडी पिशवीत टाकली.

चाचा, एक कबूल करते. दर रविवारी दहा वाजता मी जुन्नरला येईन. मशिदीच्या कोपऱ्यापासून ठकूबाईच्या टोपलीपर्यंत मी आणि चाची जाऊ आणि मराठीचा शब्द काढणार नाही. माझ्या मुलांनाही बाजारात नेईन, आणि हे कुठं शिकलात असं कोणी विचारलं तर तुमचं नाव सांगेन. जुन्नरचे हमीदचाचा, जहाजावरचे भंडारी, माझे गुरुजी. आणि रोज एकेका प्रश्नाचं उत्तर देत जाईन. त्यातला एखादा तरी तुम्ही विचारलेला असेल.

माझं बोलून झालं. नियमानं आता लिंबू तुमच्याकडे टाकायला हवं. ते होणार नाही, एवढं मला सरळ कळतं. म्हणून हे पत्र चाचींना वाचून दाखवून झालं की मी ते लिंबू त्यांच्याकडे टाकणार आहे.

तुमची,
येडगावची नंदा